हिराबाई, सरस्वतीबाई आणि मिरजेच्या भावंडांचे गाणे

दोन तानपुऱ्यांच्या मधोमध दोन बहिणी बसल्या आहेत. थोरली एखादा स्वर घेते, त्यावर शांतपणे थांबते. धाकटी तो स्वर तिच्या हातून अलगद उचलते आणि पुढच्या स्वरापर्यंत नेऊन पुन्हा थोरलीच्या स्वाधीन करते. दोघींत कोठेही चढाओढ नाही, एकीने दुसरीला अडवल्याचा भास नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला काही क्षण कळतच नाही, की हिराबाई बडोदेकर कोठे थांबल्या आणि सरस्वतीबाई राणे कोठे सुरू झाल्या. हिंदुस्थानी ख्यालगायनात स्त्रियांची जुगलबंदी प्रथम रूढ केली ती या दोन भगिनींनी, असे संगीताचे अभ्यासक मानतात. त्यांच्या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकल्या जातात.

या दोघी एकट्या नव्हत्या. वडीलबंधू सुरेशबाबू माने, मधली बहीण कमलाबाई बडोदेकर आणि बंधू कृष्णराव माने अशी ही पाच भावंडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाटक कंपनी, ग्रामोफोनची तबकडी, नभोवाणी, बोलपट आणि तिकिटाची जाहीर मैफल अशी एकापाठोपाठ एक दारे भारतीय संगीतासाठी उघडली. त्या बहुतेक दारांशी या घरातले कोणी ना कोणी उभे होते. त्यांची कारकीर्द समजून घेतली, की आजची मैफल आज जशी आहे तशी का आहे, याचाही उलगडा होतो.

गाण्याचा रस्ता

हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघींचा जन्म मिरजेचा. हिराबाईंचा ३० मे १९०५ चा आणि सरस्वतीबाईंचा ४ ऑक्टोबर १९१३ चा. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. शेजारी सांगली, कुरुंदवाड, इचलकरंजी आणि कोल्हापूर ही संस्थाने, तर पलीकडे निपाणी, चिकोडी आणि बेळगाव हा मुंबई इलाख्यातील ब्रिटिश अमलाखालचा बेळगाव जिल्हा. राज्यकर्ते वेगवेगळे असले तरी कलावंतांची ये-जा अखंड होती. मिरजेहून निघालेला लोहमार्ग बेळगाववरून लोंढ्याला जाई. तेथून एक फाटा धारवाड-हुबळीकडे आणि दुसरा घाट उतरून गोव्यात मुरगावकडे वळे. कोल्हापूरकडून येणारी सडक निपाणीवरून बेळगावला पोहोचे. नाटक मंडळ्यांचे पडदे, पेट्या आणि तानपुरे याच मार्गांनी गावोगाव फिरत.

या पट्ट्याने मराठी संगीताला काय दिले याची नुसती उजळणी केली तरी मन थक्क होते. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण त्यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि तेथेच त्यांना किर्लोस्करांचा सहवास लाभला. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन आत्मसात केले. धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना पहिली पक्की तालीम मिळाली ती मिरजेच्या नीलकंठबुवांकडून. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व पुढे मुंबईत ज्या प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले, ते देवधरही मिरजेचेच. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात गायलेल्या मुलींमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. या सगळ्या वाटा एकत्र गुंफणारे एक नाव म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, म्हणजेच या पाच भावंडांचे वडील.

बडोदा ते मिरज

उत्तरेकडील कैराना हे अब्दुल करीम खाँ यांचे मूळ गाव. त्या गावाच्या नावावरूनच त्यांच्या गायकीला ‘किराणा घराणे’ हे नाव पडले. बडोद्याच्या दरबारात गायक असताना त्यांचा परिचय सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी झाला. धर्म, जात आणि प्रतिष्ठा यांच्या भिंती ओलांडून दोघांनी बडोदे सोडले, काही काळ मुंबईत काढला आणि अखेर मिरजेत संसार थाटला. प्लेगच्या साथीत आजारी पडलेले खाँसाहेब मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आश्रयाने बरे झाले आणि मग या गावाचेच होऊन राहिले, अशी श्रद्धा मिरजकर आजही बाळगून आहेत.

खाँसाहेबांचे म्हैसूर दरबारी वरचेवर जाणे होई आणि वाटेत धारवाड-हुबळीला मुक्काम पडे. याच मुक्कामांतून कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांना शिष्य म्हणून लाभले. सवाई गंधर्वांकडून ती विद्या गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनाही बालपणी कोल्हापुरात काही महिने खाँसाहेबांची तालीम मिळाली होती. उत्तरेतले एक घराणे कृष्णा आणि मलप्रभा यांच्या खोऱ्यांत रुजले, त्याचे कारण या प्रवासात आहे.

घरात मात्र हा संसार टिकला नाही. १९२० च्या आगेमागे ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. त्याबरोबर मुलांची ओळखही पालटली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू झाले, चंपाकळी ही हिराबाई झाली, गुलाब ही कमलाबाई झाली, तर घरात छोटूताई म्हणून हाक मारली जाणारी सकीना सरस्वती झाली. मुलग्यांनी आईच्या माहेरचे ‘माने’ हे आडनाव लावले. ‘बडोदेकर’ हे उपनाव आईच्या गावाची खूण म्हणून थोरल्या दोन बहिणींपाशी राहिले, तर धाकटी विवाहानंतर राणे झाली.

नाव बदलले, धर्माची ओळख बदलली, घर बदलले. गळ्यातले गाणे मात्र तेच राहिले. वडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलांपाशी दुसरे भांडवल नव्हते. त्या काळी ज्या स्त्रीने आपल्या मर्जीने संसार मांडला आणि आपल्याच मर्जीने तो सोडला, तिच्या मुलांकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ताराबाईंनी मुलांना गाण्याच्या बळावर उभे करायचे ठरवले. सुरेशबाबू आणि हिराबाई यांना किराणा घराण्याचेच दुसरे थोर गायक उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. धाकट्या सरस्वतीला थोरल्या भावंडांनी शिकवले. त्यापुढे जयपूर घराण्याचे उस्ताद नत्थन खाँ, प्रा. देवधर आणि मास्टर कृष्णराव यांचेही मार्गदर्शन तिला लाभले.

मांडी घालून गाणारी स्त्री

हिराबाईंचे महत्त्व ध्यानी यायचे असेल तर त्यांच्या आधीची मैफल डोळ्यांसमोर आणावी लागते. गाणारी स्त्री म्हणजे नायकीण, कलावंतीण किंवा तवायफ हे समीकरण तेव्हा पक्के होते. गाणे खाजगी दिवाणखान्यात, निमंत्रित पुरुषांपुढे होई. त्यात अदाकारीला मोठे स्थान असे आणि बिदागी यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे. त्या स्त्रियांनी संगीत जिवंत ठेवले, पण त्यांना समाजात मानाची जागा मिळाली नाही. कुलीन म्हणवणाऱ्या घरातील मुलीने गाणे शिकणे हे तर कलंकाचे लक्षण मानले जाई.

या पार्श्वभूमीवर १९२१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, हिराबाई मुंबईत विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत गायल्या. पुढे तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिकांत त्यांची गणना झाली. नऊवारी किंवा पाचवारी साडी, डोक्यावरून अथवा खांद्यावरून नीट घेतलेला पदर, मांडी घालून बसणे, हाती तानपुरा, हातवारे जवळजवळ नाहीत, असे त्यांच्या मैफलीचे स्वरूप असे. आज हे वर्णन अगदी सामान्य वाटेल. ते सामान्य वाटते, यातच हिराबाईंचे यश आहे. पुरुष गवई जसा बैठक मारून गातो तशीच स्त्रीही गाऊ शकते, तिच्या गाण्याकडे केवळ गाणे म्हणून पाहावे, हा त्या बैठकीचा अर्थ होता.

तिकिटाचेही महत्त्व लहान नव्हते. तिकीट काढून आलेला श्रोता कोणाचा यजमान नसतो. त्याला गाणे आवडले नाही तर तो उठून जाऊ शकतो, पण गायिकेने काय गावे, किती वेळ थांबावे, यावर त्याचा हुकूम चालत नाही. गायिका आणि श्रोता यांच्यातील व्यवहार उघड, ठरीव आणि सन्मानाचा झाला. मध्यमवर्गीय स्त्रिया प्रेक्षागृहात येऊन बसू लागल्या, आपल्या मुलींना गाणे शिकवावे असे त्यांना वाटू लागले. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्या सुशिक्षित घरांतील मुली पुढे गायनाकडे वळल्या, त्यांच्यासाठी ही वाट आधीच मळलेली होती.

रंगभूमीचा डाव

१९२० च्या दशकात मराठी संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य होते. स्त्रीची भूमिका पुरुषाने करावी हा तेथील रिवाज होता आणि बालगंधर्वांनी तो इतक्या उंचीवर नेला होता, की स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हेच अनेकांना अनावश्यक वाटे. अशा वेळी ताराबाई आणि त्यांच्या मुलांनी नूतन संगीत नाटक मंडळी उभी केली. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या, हा तिचा विशेष. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ यांसारख्या नाटकांतून भावंडे प्रेक्षकांपुढे आली. सरस्वतीबाई तर अगदी लहान वयापासून रंगमंचावर वावरल्या होत्या. ‘सौभद्र’ हे गुर्लहोसूरच्या किर्लोस्करांचे आणि ‘संशयकल्लोळ’ हे बेळगावात शिकलेल्या देवलांचे. म्हणजे या भावंडांच्या नाट्यसंसाराचा पायाही याच सीमाभागाच्या मातीतला होता.

नाटक कंपनी चालवणे हा मात्र गाण्याहून वेगळा धंदा असतो. पडदे, पोशाख, नटांचे पगार, बिऱ्हाडाचा आणि प्रवासाचा खर्च हे सारे रोज लागते. उत्पन्न मात्र पावसावर, पिकांवर आणि प्रेक्षकांच्या लहरीवर अवलंबून असते. त्यातच मूकपटाची जागा बोलपटाने घेतली. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली मराठीतील ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. स्वस्त तिकिटात बोलणारी आणि गाणारी चित्रे पाहायला मिळू लागल्यावर एकामागून एक नाटक मंडळ्या डबघाईला आल्या. नूतन संगीत नाटक मंडळीही काही वर्षांतच बंद पडली आणि मागे राहिले ते कर्ज. हिराबाईंनी ठिकठिकाणी मैफली करून ते कर्ज फेडले. कंपनी बुडाली की मालकाने गाव बदलावे, हा त्या काळचा सर्रास अनुभव असताना एका गायिकेने स्वतःच्या गळ्यावर देणेकऱ्यांचा हिशेब चुकता करावा, ही गोष्ट तिच्या गाण्याइतकीच लोकांच्या लक्षात राहिली.

तबकडी, नभोवाणी आणि पडदा

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्या वेळात कसा बसवायचा, हा त्या पिढीपुढचा पेच होता. किराणा गायकीसाठी तर तो अधिकच अवघड, कारण ही गायकी स्वरप्रधान आहे. एकेका स्वरावर विसावत, रागाची संथ बढत करत जाणे हा तिचा प्राण. अब्दुल करीम खाँ यांनी तबकडीत हे साधून दाखवले होते. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा लहानगा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, ही कथा सर्वश्रुत आहे. हिराबाईंनीही हे तंत्र आत्मसात केले. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भजन आणि भावगीत अशा सर्व प्रकारांतील त्यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. बेळगाव, निपाणीसारख्या गावांत एखाद्या घरी किंवा हॉटेलात ग्रामोफोन असे आणि त्याभोवती सारी आळी जमे. ज्यांना मैफलीचे तिकीट परवडत नव्हते त्यांनाही आता हिराबाई ऐकता येऊ लागल्या.

नभोवाणीने हा परीघ आणखी वाढवला. सरस्वतीबाई १९३३ च्या सुमारास नभोवाणीवर गाऊ लागल्या आणि पुढे अनेक दशके गात राहिल्या. नभोवाणीवर गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, वेश दिसत नाही, कूळ विचारले जात नाही. स्त्री कलावंतांच्या दृष्टीने या माध्यमाचे हे मोठेच उपकार होते.

चित्रपटातही भावंडांनी पाऊल ठेवले. हिराबाईंनी ‘सुवर्णमंदिर’, ‘जनाबाई’, ‘म्युनिसिपालिटी’ यांसारख्या चित्रपटांत भूमिका केल्या. सरस्वतीबाईंचे नाव मात्र देशभर झाले ते पार्श्वगायनाने. १९४३ साली आलेल्या विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ चित्रपटातील त्यांचे भीमपलासी रागातले गीत अफाट लोकप्रिय झाले. संगीतकार होते कोल्हापूरचे शंकरराव व्यास, पलुस्करांचे शिष्य. महात्मा गांधींनी पाहिलेला चित्रपट म्हणूनही ‘रामराज्य’ ओळखला जातो. पार्श्वगायन ही कल्पनाच तेव्हा बाल्यावस्थेत होती आणि त्या वाटेवरच्या पहिल्या काही गायिकांमध्ये सरस्वतीबाईंचा समावेश होतो.

त्याच काळात अमेरिकेत

भावंडांनी मिळून गाण्याची ही लाट केवळ आपल्याकडे आली नव्हती. याच सुमारास अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांचा, म्हणजे बिग बँडचा जमाना सुरू होता आणि त्या वृंदांबरोबर सख्ख्या बहिणी-भावांचे गायक संच गाजत होते. न्यू ऑर्लिन्सच्या बॉसवेल सिस्टर्स, ओहायोतील मिल्स ब्रदर्स आणि मिनियापोलिसच्या अँड्रयूज सिस्टर्स ही त्यांतील ठळक नावे. लाव्हर्न, मॅक्सीन आणि पॅटी या तीन अँड्रयूज भगिनी १९३७ च्या अखेरीस एका तबकडीने रातोरात प्रसिद्धीस आल्या. ते गाणे मूळचे यिद्दिश भाषेतील नाटकाचे. रंगभूमीवरचे पद तबकडीवर येऊन देशभर पसरावे, हा प्रकार मराठी माणसाला मुळीच अपरिचित नव्हता. त्याच १९३७ च्या २७ ऑक्टोबरला, तिकडे मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर, प्रवासातच अब्दुल करीम खाँ यांनी देह ठेवला होता.

त्या वाद्यवृंदांचे सूर भारतातही पोहोचले होते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात परदेशी कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ वाजे आणि त्यांच्याकडून ते अंगी बाणवले ते मुख्यतः गोमंतकीय वादकांनी. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ बनले. गोव्याच्या मातीतून त्याच दशकांत एक दुसरे भावंडांचे घरही घडत होते. मंगेशीच्या दीनानाथांची मुले वडिलांच्या बळवंत संगीत मंडळीच्या पडझडीतून आणि १९४२ मधील त्यांच्या अकाली निधनातून सावरत चित्रपटसृष्टीत शिरली. त्यांचे पुढे काय झाले हे सांगायला नको.

अँड्रयूज भगिनी आणि मिरजेच्या भगिनी यांच्यात एक मूलभूत फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. पाश्चात्त्य संगीतात तीन बहिणी एकाच क्षणी तीन वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मेळातून गोडवा निर्माण होतो. त्याला ते स्वरसंवाद मानतात. त्यांचे गाणे आधी बांधलेले, पाठ केलेले, मिनिटामिनिटाला ठरलेले असते. रागसंगीतात असा मेळ नाही. एका वेळी एकच स्वररेषा पुढे सरकते आणि तीही तत्क्षणी सुचत जाते. मग दोघांनी मिळून गायचे कसे? जुगलबंदीचा सारा प्रश्न हाच आहे.

दोघींनी मिळून गायचे कसे?

पहिली अडचण पट्टीची. पुरुष गायक साधारणतः काळी एकच्या आसपास षड्ज धरतात, स्त्रिया काळी तीन ते काळी पाचपर्यंत. त्यामुळे पुरुष आणि स्त्री यांनी एकत्र गायचे म्हटले की एकाला तरी आपल्या गळ्याची सोय सोडावी लागते. दोन बहिणींच्या बाबतीत ही अडचण मुळातच कमी होती. आवाजाची जातही सारखी. फरक एवढाच, की हिराबाईंच्या आवाजात मृदू, मधाळ ठेहराव अधिक आणि सरस्वतीबाईंच्या आवाजात चपळाई.

दुसरी अडचण तालमीची. दोन गायक दोन घराण्यांचे असले, तर रागाच्या वाटा, बंदिशीचा थाट आणि समेवर येण्याची तऱ्हा हे सारे भिन्न असते. येथे दोघींची तालीम एकाच घरातली. थोरली स्वर सोडते तेव्हा पुढची पायरी कोणती, हे धाकटीला सांगावे लागत नाही. सरस्वतीबाईंनी इतर घराण्यांची विद्याही मिळवलेली असल्याने त्या उत्तरात थोडे निराळे काही घालू शकत. ऐकणाऱ्याला त्यामुळे तोच तो पणा जाणवत नसे.

तिसरी अडचण स्वभावाची, आणि ती सर्वांत मोठी. बहुतेक जुगलबंद्या हळूहळू कुस्तीच्या वळणावर जातात. एकाने अवघड तान घेतली की दुसऱ्याला त्याहून अवघड तान घ्यावीशी वाटते. श्रोते टाळ्या वाजवतात आणि राग बाजूला राहतो. हिराबाई-सरस्वतीबाईंच्या गाण्यात असे घडत नसे. थोरल्या बहिणीने धाकटीला वाव द्यायचा आणि धाकटीने तिचा मान राखायचा, ही मराठी घरातली रीतच जणू त्यांनी बैठकीत आणली. अमेरिकेतील प्रसिद्ध संचांचे काय झाले ते पाहिले, तर याचे मोल अधिक कळते. बॉसवेल भगिनींनी १९३६ मध्येच एकत्र गाणे थांबवले. अँड्रयूज भगिनींमध्ये १९५० च्या दशकात वितुष्ट आले आणि त्यांचा संच काही वर्षे दुभंगला. मिरजेच्या भावंडांचे पाचांचे मिळून एक नाव कधी नव्हतेच. प्रत्येकाची स्वतंत्र ओळख होती, स्वतंत्र मैफल होती. एकत्र येणे ही सक्ती नव्हती, म्हणूनही कदाचित ते एकत्र येणे इतके सुखाचे झाले.

मागे राहिलेला भाऊ

या कहाणीत सुरेशबाबूंचे नाव बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येते. जाणकारांच्या मते मात्र या घरातील सर्वांत सखोल विद्या त्यांच्यापाशी होती. पेटीवर त्यांचा हात असामान्य चाले. मैफलीचा बाजार त्यांना जमला नाही किंवा त्यात त्यांचे मन रमले नाही. ते शिकवत राहिले. हिराबाई आणि सरस्वतीबाई यांच्या गाण्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली. १५ फेब्रुवारी १९५३ रोजी सुरेशबाबूंचे निधन झाले आणि त्यानंतर प्रभाताईंची तालीम हिराबाईंनी पुढे चालवली. भावाने अर्ध्यावर सोडलेला धडा बहिणीने पूर्ण केला. १३ जानेवारी २०२४ रोजी प्रभाताई गेल्या, तोवर त्या धड्याचे पडसाद जगभर उमटले होते.

हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. सरस्वतीबाईंना दीर्घायुष्य लाभले. १० ऑक्टोबर २००६ रोजी, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. त्यांची नात मीना फातर्पेकर यांनी घरातले गाणे पुढच्या पिढीत नेले.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्याचा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. बेळगाव, निपाणी, चिकोडी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तर मिरज पलीकडे. ज्या रस्त्याने गवई आणि नाटक मंडळ्या बिनदिक्कत ये-जा करत, त्या रस्त्यावर सीमा उभी राहिली. तिने या भागातील मराठी माणसाच्या आयुष्यात काय उलथापालथ केली, हा स्वतंत्र आणि अद्याप न सुटलेला विषय आहे.

किराणा घराण्याची वाटणी मात्र त्या रेषेला करता आलेली नाही. कैरानाच्या मुसलमान गवयाने ते मिरजेत आणले, कुंदगोळ, हुबळी, गदगच्या कन्नडभाषक शिष्यांनी ते वाढवले, मराठी आईच्या मुलांनी ते जाहीर मैफलीत, तबकडीवर आणि पडद्यावर नेले. हिराबाई आणि गंगूबाई यांच्यात बहिणींसारखा स्नेह होता. एकीची भाषा मराठी, दुसरीची कन्नड. गाणे एकाच गुरुघरचे. यांपैकी कोणा एकाचाच त्यावर हक्क सांगायचा म्हटले तर बाकीच्यांचे गाणे वजा करावे लागेल आणि मग उरेल ते फारच थोडे असेल.

मिरजेच्या सतार आणि तानपुरा बनवणाऱ्या कारागिरांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे घडलेले तानपुरे आजही बेळगाव, धारवाड आणि गोव्याच्या घराघरांत लागतात. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. तेथेच त्यांची कबर आहे. हिंदू-मुसलमान, मराठी-कन्नड असे सर्व गवई तेथे हजेरी लावतात. तेथून बेळगावकडे निघणारी गाडी आजही कृष्णा ओलांडून कुडचीमार्गे घटप्रभेकडे जाते. शंभर वर्षांपूर्वी तानपुरे घेऊन जाणारी मंडळी याच मार्गाने जात असत.